मुका पाक

तिसरी नळी फुटली तेव्हा नाईकनवरे सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि वाळूत पडलेल्या पुठ्ठ्याच्या चिंध्यांकडे बघत म्हणाले, "यमुना, किती दिवस उरलेत?"

"दोन. शुक्रवारच्या टपालानं अर्ज गेला पाहिजे."

"मग थांबायचं का?"

"का थांबायचं?"

"विचारतोय फक्त."

"नका विचारू, सर."

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. मुलीनं उलट उत्तर दिलं की बाकीचे मास्तर डोळे वटारत, हे गालात हसत. आत्ताही हसले, पण थोडंच. आम्ही दोघं मातीच्या बांधाआड उकिडवे बसलो होतो. समोर नदीचं कोरडं पात्र, मधोमध वाळूत रोवलेला लोखंडी गज, आणि गजाभोवती माझ्या आठ दिवसांच्या मेहनतीचे तुकडे. धूर जमिनीलगत रेंगाळत होता. त्याला साखरेचा वास होता.

"आत हवा राहतेय," सर म्हणाले. "आग कशी, वातीसारखी शिस्तीत जळत गेली पाहिजे. ती फटींत घुसते, एकदम सगळीकडे पेटते, मग नळीला पेलत नाही. पण हवा राहते कुठून, तेच कळत नाही. तू ओततेस तर व्यवस्थित."

ओतणं तर आमच्या घरचं काम. आमचं आडनाव लोणारे, पण मांडवखेलमध्ये सगळे आम्हाला गाठीवालेच म्हणत. पाडव्याला गुढीला साखरेची गाठी घालतात ना, ती आमच्या भट्टीत व्हायची. सागाचा साचा, साच्यात आडवा टाकलेला सुताचा दोरा, वरून पाक. साचा उघडला की दोऱ्यात ओवलेली शुभ्र पदकं. शुभ्र म्हणजे दुधासारखी. गाठी पिवळसर निघाली तर आप्पा कुणी बघायच्या आत ती म्हशीच्या आंबोणात टाकत.

आमच्या नळीतलं, म्हणजे रॉकेटचं, इंधनही साखरेचंच होतं. साखर आणि सरांच्या कुलूपबंद कपाटातली एक पांढरी पूड. पुडीचं नाव आणि माप मी इथं सांगत नाही, हे वाचून कुणी पोर घरच्या चुलीपाशी बसायचं. सर स्वतः मोजून देत आणि शाळेच्या मागच्या पडवीत वाळूच्या दोन बादल्या घेऊन माझ्या शेजारी उभे राहत. पाक मात्र माझा. "हे मला जमणार नाही," ते म्हणाले होते. "साखरेच्या घरची तू आहेस."

साखरेच्या घरची होते, पण त्या घरची लेक होते. आणि आमच्यात लेकीला तार शिकवत नाहीत.

तार म्हणजे, उकळत्या पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ताणायचा. एक तार सुटते, दोन सुटतात. कुठल्या तारेला कढई उतरवायची हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. ते कळलं की गाठी साधली. लेक ती विद्या सासरी नेईल आणि दुसऱ्याच्या भट्टीला देईल, म्हणून तिला द्यायची नाही. तिनं साचे धुवायचे, दोरे वळायचे, गाठ्या कागदात बांधायच्या. फाल्गुनात पहाटे मोठी कढई चढायची तेव्हा भट्टीचं दार आतून बंद होई. आत फक्त आप्पा, आणि सरपण सारायला गोदाआत्या.

मी बाहेर, दाराला कान लावून. पाक आधी खळखळून हसतो, मग त्याचा आवाज जाड होतो, मग तो पुटपुटायला लागतो. पुटपुटणं थांबायच्या बेतात आलं की आतून कढई उतरल्याचा दणका यायचा, आणि मागोमाग घोटण्याचा. घोटायचं म्हणजे लाकडी डावानं पाक कढईच्या अंगाला रगडत राहायचं. रगडता रगडता तो पांढरा होतो. तीन फाल्गुन मी असे ऐकून काढले. मग दुपारी साचे धुताना उरलेल्या पाकावर बोटं भाजून घेत तार शिकले.

हे सरांना माहीत नव्हतं. आप्पांनाही नाही.

*

गोदाआत्या आप्पांची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, तेव्हापासून माहेरी. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली आणि आत्यानं मला पदराखाली घेतलं. दिवसभर ती ओसरीच्या खांबाला टेकून गाठ्यांचे दोरे वळायची. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं हातात. आणि गुणगुणायची. ओवीची पहिली ओळ स्वच्छ ऐकू येई:

साखरेच्या गाठी बाई, दोरा आतून चालतो

एवढं झालं की दोरा दातात जायचा, आणि दुसरी ओळ नुसती नाकातून यायची. लहानपणापासून मी विचारत होते, "पुढं काय गं?" ती दोऱ्याकडे बोट दाखवायची. तोंड रिकामं नाही.

हाताची मात्र ती गळकी. सुई जमिनीवर पडली तर तिला उचलता येत नसे, बोटाखालून निसटत राही. मलाच हाक मारायची. दोऱ्याचं टोक धरायच्या आधी दरवेळी बोट जिभेला लावायची. आप्पा चिडवत, "आक्काच्या हातात काय राहतंय? नशीबसुद्धा राह्यलं न्हाई." ती हसायची आणि परत बोट ओलं करायची.

त्या संध्याकाळी नदीवरून आले तेव्हा माझ्या मुठीत चौथ्या नळीच्या सरावासाठी नुसत्या साखरेचा पाडलेला तुकडा होता. रडत रडत मी तो ओसरीवर आपटला. कोपऱ्यापर्यंत गेला.

"काय फोडलंस?" आत्या म्हणाली.

"माझं नशीब."

"मग परत आणून दे हिकडं. बघू."

मी आणून दिला. तिनं तो उजेडाकडे धरला, मोडला, मोडलेली बाजू गालाला लावून बघितली. तिच्या चेहऱ्यावर अशी ओळख उमटली, की मी रडायची थांबले.

"घोटलास व्हय?"

"मग? घोटायचाच असतो."

"कुणी सांगितलं?"

"आपल्यात घोटतात."

"आपल्यात घोटत्यात, कारण गाठी पांढरी दिसाय पाहिजे आन् दाताखाली कुर्रकन फुटाय पाहिजे. घोटला की पाकात वारं शिरतं. ही बघ, जाळी." तिनं तुकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. मधमाश्यांच्या पोळ्याहूनही बारीक छिद्रं होती त्यात, शेकड्यांनी. "तुला ते खायचंय का?"

"नाही. उडवायचंय."

"मग गोरंपान कशाला करतीस? मुका राहू दे."

मुका पाक म्हणजे आमच्या घरातली शिवी. घोटायचा राहून गेलेला, आचेवर जरा जास्त रेंगाळलेला पाक. थंड झाला की काचेच्या तुकड्यासारखा होतो, रंगानं चहासारखा. दाताला चिकटतो, आवाज करत नाही, म्हणून मुका. माझी आई नवी नवरी असताना घरच्या चुलीवर तिच्या हातून एकदा तसा झाला होता, तर आप्पांनी चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं म्हणे. मुक्या पाकात एकही बुडबुडा नसतो. आठ दिवस मी सरांसमोर इंधन रगडत होते, पांढरं करत होते, गाठीवाल्यांच्या लेकीला शोभेल असं. आणि त्यानंच नळ्या फुटत होत्या.

"आत्या, तुला कसं कळलं?"

तिनं दोरा दातात धरला. तोंड रिकामं नाही.

*

गुरुवारी दुपारी मी अर्ज घेऊन आप्पांपुढे उभी राहिले. ते दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांना तार दाखवून नुकतेच मोकळे झाले होते. हा त्यांचा रोजचा मान होता. छोट्या कढईतला निवत आलेला पाक, शेजारी गार पाण्याचं भांडं, पाण्यात बुडवलेली बोटं, आणि हवेत चमकणारी तार. बाहेरगावचे व्यापारी मान डोलवत.

"कसला कागद?"

"पुण्याला उन्हाळ्याचं शिबिर आहे. दहावी झालेल्यांसाठी, दीड महिन्याचं. राहणं-जेवण त्यांचंच. स्वतः केलेली चालती वस्तू पाहिजे, शिक्षकांची साक्ष पाहिजे, आणि पालकाची सही."

"कसलं शिबिर?"

"रॉकेटचं."

आप्पांनी हात पुसले. "पाच वर्षांखाली ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पडलं व्हतं, त्येच ना? समुद्रात."

"तेच."

"समदं गाव हसलं व्हतं."

"मी नव्हते हसले."

खरंच नव्हते. सगळे हसत असताना मी अकरा वर्षांची पोर एवढाच विचार करत बसले होते, की ते आतून कुठं चिरलं असेल. अजून मी बहुतेक तोच विचार करते.

"पाडव्याला बाळनाथची माणसं येणार हायेत," आप्पा म्हणाले. "सुपारी फोडायची. तुला ठाऊक हाय."

"मला लग्न करायचं नाही."

"तो घरजावई म्हणून यायला तयार हाय, यमे. गाठीवाल्यांचाच पोरगा. मला ल्योक न्हाई. त्याला तार देईन, भट्टी चालू राहील, तू माझ्या डोळ्यांम्होरं राहशील. यात वाईट काय हाय, ते तरी सांग." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"परक्याला तार देणार, आणि मला नाही?"

"तू लेक हायस. सात पिढ्यांत लेकीच्या बोटाला तार लागली न्हाई."

मी उजवा हात पुढे केला. अंगठ्यावर आणि तर्जनीवर दोन फोड होते, टपोरे. "माझ्या लागली."

आप्पांनी फोडांकडे पाहिलं. मला वाटलं होतं मारतील. पण त्यांनी आधी मागं वळून ओसरीकडे पाहिलं, आत्या बसायची तिकडे. त्या पाहण्यात राग नव्हता. भीती होती. ती कशाची, हे मला तेव्हा कळलं नाही.

"कुणी शिकवली?"

"कुणी नाही. ऐकून शिकले."

"ऐकून," ते पुटपुटले. मग अर्ज माझ्या हातात परत कोंबला. "सही मागाय परत येऊ नगंस. आन् उद्या भट्टीच्या बाहेर पाऊल टाकलंस तर परत आत कसं यायचं त्याचा इचार कर."

"बरं," मी म्हणाले. "करते विचार."

*

विचार करायला फार वेळ लागला नाही. शुक्रवारी सकाळी मी साचे पाण्यात भिजत घातले, हात पुसले आणि निघाले. फाटकापाशी पोचते तो मागून हाक आली.

"थांब. चप्पल घालू दे."

आत्या फाल्गुनात कधी भट्टीच्या फाटकाबाहेर पडत नसे. आज तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं.

"तू कुठं?"

"उडतंय का बघाय."

"आप्पा चिडतील."

"चिडू दे की. त्याला तेवढं तरी येतंय."

आदल्या दिवशी पडवीत मी पाक मुका ठेवला होता. डाव हातात घेतलाच नाही. हात शिवशिवत होते रगडायला, ते मांडीखाली दाबून बसले होते. रंग बदलायला लागला तेव्हा सर दचकले, "अगं, जळतोय का?" मी म्हणाले, "नाही सर, आमच्याकडे याला बिघडला म्हणतात." थंड झालेल्या नळीवर सरांनी पेन्सिल वाजवली. फुटक्या मडक्यासारखा आवाज यायचा तो आला नाही. ठक्क आला.

नदीत पोचलो. सरांनी नळी गजाला लावली, वात लांब सोडली आणि आम्हा दोघींना बांधाआड बसवून स्वतः पेटवून पळत आले. ते धापा टाकत खाली बसतात न बसतात तोच फुस्स झालं. मग काहीच नाही. मी डोळे मिटले.

मग एक आवाज आला. लुगडं टरकावं तसा, लांबच लांब. डोळे उघडले तेव्हा गज रिकामा होता. पात्रातून एक पांढरी रेघ सरळ उभी राहिली होती, काठच्या चिंचेच्या शेंड्याला मागं टाकून, तेवढीच आणखी वर. चिंचेतले बगळे सगळे एकदम उडाले. रेघेच्या टोकाशी एक ठिपका क्षणभर थांबला, वळला, आणि वाऱ्यावर गावाकडे निघाला.

"दोन चिंचा," सर म्हणाले. "लिहितो. दोन चिंचांएवढं."

"मीटरमध्ये लिहा, सर."

"हो. हो. मीटरमध्ये."

आत्याचं तोंड उघडं होतं आणि मान वर. आयुष्यभर दोरा ओढून तिची मान खाली वाकलेली. ती इतकी वर गेलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

तेवढ्यात लांबून धाडकन पत्रा वाजला. गावाच्या कडेला, नदीला लागून पत्रे कुणाचे असणार? आमच्याच भट्टीचे.

*

आप्पा वाळू तुडवत आले. हातात फडक्यात धरलेली माझी नळी, एका बाजूनं चेपलेली. आमच्या तिघांपासून पाच पावलांवर थांबले.

"ह्ये कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

त्यांनी नळी नाकाशी नेली. "जळका पाक. पाडव्याच्या तोंडावर माझ्या घराच्या डोक्यावर जळका पाक."

"जळका न्हाई, मुका," आत्या म्हणाली. "नीट हुंगून बघ."

"आक्का, तू हितं काय करतीस? भट्टीवर कोण हाय?"

"भट्टी तुझी. मला काय इचारतोस?"

आप्पांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि सरांना गाठलं. "सर, तुमी शिकलेली माणसं. आमच्या घराला एक रीत हाय. लेकीला तार शिकवायची न्हाई. ही चोरून शिकली. तुमी तिला चोरी कराय लावली."

"मी लावली नाही," सर म्हणाले. "पण तिनं केली असेल तर फार चांगली केली, लोणारे. तुमची मुलगी..."

"माझी मुलगी मी बघतो. पालक मी हाय. सही मी करत न्हाई. संपलं."

मी एक पाऊल पुढे झाले. "सही नसली तरी मी जाणार. दाराशी जाऊन बसेन. हाकललं तर परत बसेन."

"अर्जाशिवाय दारात कोण उभं करतंय तुला?"

ते खरं होतं. सरांच्या हातातल्या पुठ्ठ्यावर अर्ज होता, साक्षीची जागा भरलेली, खालची रेघ रिकामी. दुपारी दोनला टपालाची थैली उचलणार होते.

"सर," आत्या म्हणाली, "त्या कागदावर बापाचीच सही लागती का? चार वर्षांची असल्यापास्नं हिला मी वाढवलीय. मी चालते का?"

सरांनी अर्ज वाचला. "पालक असं लिहिलंय. बाप असं नाही. चालाल की."

"मला लिवता येत न्हाई."

"अंगठा द्या." सरांनी पिशवीतून शाईची चपटी डबी काढली. शाळेच्या कामासाठी ती कायम त्यांच्यापाशी असे.

"आक्का," आप्पा म्हणाले. अगदी हळू. "नगं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. कालची तीच भीती.

आत्यानं उजवा अंगठा शाईत दाबला आणि रेघेवर टेकवला. उचलला. कागदावर जांभळा डाग पडला होता, जांभूळ पिकून खाली पडतं तसा. नुसता डाग. आत काही नाही.

"जरा दाबून, आक्का," सर म्हणाले. "रेषा आल्या पाहिजेत."

तिनं शेजारी परत दाबला. परत तोच, गुळगुळीत. सरांनी तिचा हात धरला, पुसला, उन्हात उलटा केला.

बारा वर्षं मी त्या हातानं जेवले होते, त्या हातानं माझी वेणी घातली होती. पण तो हात उलटा करून मी कधी पाहिला नव्हता. तीन बोटांवर चारचौघांसारख्या रेषा होत्या. अंगठा आणि तर्जनी मात्र नदीतल्या गोट्यासारखी. घासून घासून चकचकीत, एकही रेघ नाही. सुई त्या बोटांखालून का निसटत होती, दोरा धरायच्या आधी ती बोट ओलं का करत होती, ते सगळं तिथं उन्हात पडलेलं होतं.

"हे कशानं झालं?" सरांनी विचारलं.

"तारेनं," आत्या म्हणाली. "बत्तीस वर्षं, रोज पहाटं. गार पाण्यात बोट घालून उकळती तार कळत न्हाई, सर. कोरडंच घालावं लागतं." ती आप्पांकडे वळली. "आपला बाप गेला तवा हा बारा वर्षांचा व्हता. आच सोसायची न्हाई ह्याला, रडायचा. मी परत आलेली. पोरगी असताना दाराला कान लावून शिकले व्हते, हिच्यासारखीच. म्हणलं, घर तर चालाय पाहिजे. दार लावून घेऊ, मान तुझा ऱ्हाऊ दे."

वाळूवरून वारा गेला. नळीतून अजून बारीक धूर येत होता.

"सात पिढ्या," आत्या आप्पांना म्हणाली. "इश्वनाथ, आता तुझा अंगठा लाव. हितं, माझ्या शेजारी. सरांना दोन्ही बघू दे."

आप्पांचे हात पाठीमागं होते. ते तसेच राहिले. मी वाट पाहिली, सरांनी पाहिली, डबी उघडी धरून आत्यानं पाहिली. हात पुढे आले नाहीत.

"बाळनाथला तार देणार हायस ना?" ती म्हणाली. "कुठनं देणार?"

आप्पा म्हणाले, "पहाटं शेवटची कढई हाय, आक्का. उद्या पाडवा."

"मग चढव की."

तिनं डबीचं झाकण लावलं, डबी सरांना दिली, आणि माझा दंड धरून टपालाच्या दिशेनं चालू लागली. सरांनी चालता चालताच डागांखाली लिहिलं: 'गोदावरीबाई लोणारे यांचा ठसा, माझ्यासमक्ष.'

*

पाडव्याच्या पहाटे आत्या ऊन अंगावर येईपर्यंत झोपली. भट्टीचं दार आतून बंद होतं. आत आप्पा एकटेच.

त्या वर्षीच्या शेवटच्या गाठ्या पिवळ्या निघाल्या, हळद शिंपडल्यासारख्या. आप्पांनी त्या म्हशीला घातल्या नाहीत. आमच्या गुढीलाही त्यांनी तीच गाठी बांधली, भर गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बांधताना त्यांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला ओल्या फडक्याची चिंधी होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाळनाथची माणसं आली, गुढीकडे बघत बघत जेवली आणि सुपारीचं नाव न काढता बैलगाडीत बसली.

आत्या ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. हात रिकामे, तोंड रिकामं. आणि पहिल्यांदाच मला अख्खी ओवी ऐकू आली:

साखरेच्या गाठी बाई, दोरा आतून चालतो
गोड गोड म्हणे जग, दोरा कुणाला दिसतो

आप्पा दारात उभे होते. त्यांनी ती संपेपर्यंत ऐकली आणि आत गेले.

बोलावण्याचं पत्र आलं आणि मे महिन्यात मी पुण्याला गेले. शिबिराच्या दारापाशी टेबल मांडून एक गृहस्थ कागद तपासत होते. माझा अर्ज त्यांनी हातात घेतला, साक्ष वाचली, मग खालच्या रेघेपाशी थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, तिरका केला.

"हा ठसा उमटलेला नाही. नुसता डाग आहे."

माझ्या मागं मुलांची रांग होती, इस्त्रीच्या कपड्यांतली. माझ्या बोटांवरचे फोड वाळून तिथं गुळगुळीत चट्टे उरले होते. मी हात टेबलावर ठेवला.

"उमटलाय," मी म्हणाले. "तो असाच आहे. नीट बघा."